चिंचोक्यांचा पोकर

“तीन राजे आले म्हणून एवढं खूश होऊ नका तात्या. पोकरमध्ये ट्रेल सगळ्यात वर नसते.”

भाचा हे सांगतो आणि तात्यांचा हात तंबाखू मळता मळता थांबतो.

“तीन राजं म्हंजे तीन राजं. त्याच्या वर काय असतंय रं?”

“सिक्वेन्स असतो. त्याच्या वर कलर. मग फुल हाऊस, म्हणजे तीन एकसारखी आणि दोन एकसारखी. मग चार एकसारखी. आणि सगळ्यात वर एकाच रंगातला सिक्वेन्स.”

“कुणी ठरवलं ह्ये?”

“मोजून ठरवलंय.”

“आणि आमचं काय न मोजता चाललं व्हतं व्हय?”

आम्ही बसलोय साखराळ्याच्या अंगाला, रानातल्या पत्र्याच्या खोपीत. एका बाजूला इस्लामपूरचे दिवे दिसतात. सरकारी कागदावर 2025 पासून गावाचं नाव ईश्वरपूर झालंय, पण खोपीत ते अजून कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. दुसऱ्या बाजूला राजारामबापू कारखान्याचा झगमगाट. गळीत सुरू आहे, त्यामुळं वारा फिरला की मळीचा आंबूस वास थेट आत येतो. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की आधी त्याच्या डेकवरचं गाणं येतं, मग ट्रॅक्टर, मग मागं दोन ट्रॉल्या. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. दहाला थ्री फेज येणार, मोटर चालू होणार आणि जुलैत लावलेल्या आडसालीला पाणी जाणार. रात्री एकट्यानं दारं धरायचे दिवस आता राहिले नाहीत. उसात बिबट्या असतो, आणि नसला तरी त्याची बातमी असते. म्हणून माणसं जमून बसतात आणि जमली की पत्ते निघतात.

आज खेळणारे पाच. तात्या म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे. दाजी वकील आहेत, दिवसभर कोर्टात आणि रात्री कानाला मफलर गुंडाळून इथं. शेजारच्या रानातला ट्रॅक्टरवाला पोरगा, त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. चौथा मी, पाहुणा. आणि पाचवा भाचा: इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून हिंजवडीला नोकरीला लागलेला, तिथल्या खोलीवर मित्रांत बसून पोकर शिकलेला. आज तो गुरुजी आहे. मध्ये पोतं, पोत्यावर जुनी चादर. बहिणीनं डबाभर चिंचोके दिलेत, ‘परत मोजून आणा’ या अटीवर. प्रत्येकाच्या पुढ्यात पन्नास.

तात्यांचा आक्षेप भाच्यानं मनावर घेतलाय. फोन काढून तो आकडे वाचून दाखवतो. बावन्न पानांतून तीन पानं काढायची तर 22,100 वेगवेगळे हात होतात. त्यांत ट्रेल 52. आणि एकाच रंगातला सिक्वेन्स 48.

“म्हणजे प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ,” दाजी लगेच पकडतात. “आणि तरी तीन पत्तीत ट्रेल वर?”

“तेच सांगतोय. पोकरमध्ये पाच पानांचे 25,98,960 हात. सिक्वेन्स 10,200. कलर 5,108. कलर कमी वेळा येतो, म्हणून तो वर. सरळ हिशोब आहे.”

तात्या बार ओठाखाली ठेवतात. “बरं. मग आमची तीन पत्ती चुकीची म्हण की.”

“चुकीची नाही. चार चिंचोक्यांचा फरक आहे.”

ड्रायव्हरला या हिशोबात रस नाही. तो पानं पिसतोय, एका हातानं, दाखवायला. सत्त्या-अठ्ठ्या बोटांवरून फिरतात आणि दोन पानं निसटून चुलवणाच्या राखेत पडतात. इस्पिकचा गुलाम शर्टाला पुसून परत गड्डीत जातो. त्याच्या कोपऱ्याला आता राखेचा पुसट डाग आहे. दाजी म्हणतात, हे पान बाद करा, पाठीमागून ओळखू येणार. भाचा ते उजेडात धरतो, नखानं खरवडतो, परत परत बघतो. ओळखू येत नाही असं ठरतं. (मला येतं. पण मी काही बोलत नाही. गुलाम मला रात्रभरात एकदाही उपयोगी पडत नाही, ही गोष्ट वेगळी.)

पहिला डाव उघड्या पानांचा, शिकण्यापुरता. प्रत्येकाला दोन पानं, ती ज्याची त्याची. मग मधे चादरीवर तीन पानं उघडी पडतात, त्याला फ्लॉप म्हणायचं. मग एक, टर्न. मग शेवटचं एक, रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच अशा सातांतून चांगल्यात चांगली पाच निवडायची. प्रत्येक टप्प्याला बोली. पैसे घालायचे नसतील आणि आधी कुणी घातलेले नसतील तर ‘चेक’ म्हणून नुसतं बसायचं. कुणी घातले तर तेवढेच घालून ‘कॉल’, जास्त घालून ‘रेझ’, नाहीतर पानं टाकून मोकळं व्हायचं.

“म्हंजे पॅक.”

“पॅकच. इथं फोल्ड म्हणतात.”

“पाच पानं सगळ्यांची सारखीच?” तात्या विचारतात.

“सारखीच. सगळ्यांना दिसतात.”

तात्या थोडा वेळ चादरीकडं बघत राहतात. “मग ह्यो खेळ पानांचा न्हाईच की रं. सातातली पाच तर समद्यांच्या डोळ्यांम्होरं हायती. उरल्या दोनांचाच प्रश्न.”

भाचा माझ्याकडं बघतो. त्याला बहुधा हे समजावून सांगायला अर्धा तास लागेल असं वाटलं होतं.

अडचण येते ती ब्लाइंडवर. पोकरमध्ये वाटणाऱ्याच्या डाव्या हाताच्या दोघांनी पानं बघायच्या आधीच ठरलेले चिंचोके मध्ये टाकायचे, पहिल्यानं एक, दुसऱ्यानं दोन. म्हणजे मधे काहीतरी पडलेलं असतं आणि त्यासाठी भांडण सुरू होतं. तीन पत्तीतल्या बूटसारखंच, फक्त दोघांकडून. पण ड्रायव्हरच्या डोक्यात ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. तीन पत्तीत तशी सोय आहे. पानं पालथी ठेवून चाल करणाऱ्याला निम्मे पैसे पडतात आणि बघून खेळणाऱ्याला दुप्पट. ड्रायव्हर आयुष्यभर त्या निम्म्या दरावर जगलाय. इथं तशी सवलत नाही हे कळल्यावर तो खट्टू होतो, आणि तरीही पहिले काही डाव पानं न बघताच खेळतो.

भाचा वैतागतो. “अरे, यात फायदा काय तुझा?”

“माझ्या तोंडावरनं तुला काय कळतंय का?”

“काय कळणार? तुलाच माहीत नाही हातात काय आहे.”

“मग!”

तात्यांना हसू फुटतं. तीन पत्तीच्या फडात ब्लाइंड खेळणाऱ्यालाच सगळे वचकून असायचे, ते सांगतात. त्याचं काय वाचणार? मात्र असा माणूस दोन तास भीती घालतो आणि तिसऱ्या तासाला उठून जातो, कारण तोवर त्याच्या पुढ्यात काही उरलेलं नसतं. ड्रायव्हरच्या पुढ्यातले चिंचोके आत्ताच तिसाच्या खाली आलेत. तो प्रत्येक डाव खेळतोय. भाचा त्याला सांगतो, की जाणता माणूस दहातले सात-आठ हात पहिल्याच बोलीला टाकून देतो. ड्रायव्हर म्हणतो, मग घरीच झोपलेलं काय वाईट?

पुढच्या डावात त्याला जरा पानं येतात. हातात बदामची दोन, मधे बदामची दोन. टर्नवर काही नाही. अजून एक बदाम आला की कलर. दाजींनी पाच चिंचोके पुढं सरकवलेत आणि मधे आता वीस आहेत. ड्रायव्हरचा हात पुढं जातो.

“थांब,” भाचा म्हणतो. “शिकवायचा डाव आहे. मोज. बदाम एकूण किती?”

“तेरा.”

“चार दिसली. राहिली?”

“नऊ.”

“न दिसलेली पानं किती? तुझी दोन आणि मधली चार सोडून शेहेचाळीस. शेहेचाळिसात नऊ. एका पानासाठी टक्केवारी काढायची सोपी रीत सांगतो, जेवढी उपयोगाची पानं त्याची दुप्पट. नऊ दुणे अठरा. खरा आकडा एकोणीस-वीसच्या मधे येतो, पण चालतंय. फ्लॉपला असतास, अजून दोन पानं यायची असती, तर चौपट. आता सांग, पाच घालून काय मिळणार?”

“वीस.”

“तुझे पाच धरून पंचवीस. पंचविसात पाच म्हणजे वीस टक्के. तुला निदान वीस टक्के शक्यता पाहिजे, आहे साडेएकोणीस. म्हणजे जवळपास बरोबरीचा सौदा.”

ड्रायव्हरचं तोंड कोरंच. पण तात्या पुढं सरकलेत.

“म्हंजे जनावर चांगलं का वाईट ह्ये नंतर. पयलं त्ये केवढ्याला पडतंय ह्ये बघायचं. आसंच ना?”

“तसंच, तात्या.”

“पाचाला घ्यायचं. धाला सोडायचं.”

“अगदी.”

“ह्येला तू इंजिनेर कशाला झालास? खरसुंडीच्या बैलबाजाराला न्हेला असता तुला.”

ड्रायव्हर पाच घालतो. रिव्हरला किलवरची पंजी येते. दाजी जोडीवर जिंकतात.

तेवढ्यात भिंतीवरच्या पेटीत खट्ट आवाज होतो आणि तीन दिवे एका ओळीत लागतात. लाईट आली. भाच्यानं गेल्या वर्षी मोबाइल स्टार्टर बसवून दिलाय. फोन लावला की घरबसल्या मोटर चालू होते आणि तीच फोन करून सांगते. तात्यांचा त्याच्यावर भरवसा नाही. ते उठतात, टॉर्च घेऊन विहिरीवर जाऊन कानानं मोटर ऐकून येतात, पाटाला पाणी लागलेलं बघतात आणि पाच-दहा मिनिटांनी चिखलाचे पाय चादरीबाहेर ठेवून परत मांडी घालतात. त्यांच्या गैरहजेरीत ड्रायव्हरनं प्रस्ताव मांडलाय: चिंचोक्याला पाच रुपये लावू, म्हणजे जरा रंग येईल.

दाजी मफलर सोडतात. साक्ष सुरू करायची असली की ते कोर्टातही असंच काहीतरी सैल करत असतील.

“हे बघ. महाराष्ट्रातला जुगाराचा कायदा 1887 चा आहे. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी केला, आपण नाव बदलून चालवला. त्यात एक सूट आहे, खेळ केवळ कौशल्याचा असेल तर कायदा लागू नाही. मग भांडण कशावर? कौशल्य कशात आहे यावर. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालली होती, पोलिसांनी धाड घातली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1968 चा सत्यनारायण खटला म्हणून आम्ही आजही दाखला देतो. कोर्ट म्हणालं, रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, पानं धरायची-सोडायची अक्कल लागते, तेव्हा रमी मुख्यतः कौशल्याची. आणि त्याच निकालात सांगितलं, की तीन पत्ती, फ्लश म्हणा, ब्रॅग म्हणा, हा निव्वळ नशिबाचा खेळ.”

“निव्वळ नशीब?” तात्या विचारतात.

“कोर्टाच्या मते.”

“जजसाहेब माझ्यासंगं बसलं न्हवतं.”

“पोकरचं काय?” मी विचारतो.

दाजी हात हलवतात. पोकरवर एकमत नाही. पश्चिम बंगालनं 1957 च्या कायद्यातच पोकर, रमी आणि ब्रिज जुगाराच्या व्याख्येतून बाहेर ठेवले. गुजरात हायकोर्टानं 2017 मध्ये उलट सांगितलं, पोकर जुगारच. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर उघड चालतो. इथं खोपीत पैसे लावले आणि कुणी आलं, तर गुजरात की बंगाल हा युक्तिवाद करायला आधी जामीन घ्यावा लागेल. आणि जामिनासाठी वकील लागेल, आणि वकील तर आत.

“फोनवर चालत होतंच की,” ड्रायव्हर म्हणतो. मग जरा थांबून, पानांकडं बघत: “माझं ट्रॉलीच्या टायरचं पैसं गेलं त्यात. रमीत.”

कुणी काही विचारत नाही. किती, हेही नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानंच बंदी आणली. कौशल्य की नशीब हा वादच त्यातून काढून टाकला, दोन्ही सारखेच बंद. दाजी हे सांगतात, पण आवाज खाली आणून. भाचा ड्रायव्हरच्या पुढ्यात डब्यातले वीस चिंचोके नव्यानं मोजून ठेवतो. पैशाचा विषय तिथंच संपतो. मलाही वाटतं बरं झालं. चिंचोक्यांवर माणूस जेवढा उघडा पडतो तेवढा पैशावर पडत नसावा. पैसा लागला की सगळे एकाच पद्धतीनं जपून बसतात.

आता भाचा वरच्या इयत्तेत जातो. समोरच्याला वाचायचं कसं. माइक कॅरो नावाच्या अमेरिकन खेळाडूनं 1984 मध्ये यावर एक पुस्तकच लिहिलं, त्याचं सूत्र तो सांगतो: हात भक्कम असलेला माणूस गरीब तोंड करतो, आणि रिकाम्या हाताचा माणूस चिंचोके आपटतो. खांदे पाडून, उसासा टाकून ‘घालतो बाबा’ म्हणत जो पैसे घालतो, त्याच्यापासून लांब राहायचं.

“बैल घ्यायला आलेला हेडी,” तात्या म्हणतात. “जनावर मनात भरलं की पयलं त्येच्या खुरांना नावं ठेवतो.”

“आणि हात थरथरला तर? घाबरलाय असं वाटतं ना? उलट. नवख्याला मोठी पानं आली की अंगातला ताण सुटतो आणि हात थरथरतो. थापा मारणारा स्वतःला आवळून धरतो.”

पुढच्याच डावात तात्या चार चिंचोके उचलून पुढं ठेवतात. बोटं स्पष्ट थरथरतायत, एक चिंचोका घरंगळत चादरीबाहेर जातो. ड्रायव्हर दोन्ही पानं फेकून देतो. “न्हाई न्हाई, आपण न्हाई. थरथरलं!”

दाजी हसून हसून बेजार. “आरं, तात्यांचा हात चहाच्या कपालाही थरथरतो. पंच्याहत्तरी झाली त्यांची.”

“हेच,” भाचा म्हणतो, “हेच पुस्तकात दुसऱ्या ओळीत असतं आणि लोक पहिलीच वाचतात. माणूस रोज कसा असतो ते आधी माहीत पाहिजे. मग आज वेगळं काय, ते बघायचं.”

तोंडाबद्दलचं त्याचं म्हणणं आणखी मजेदार आहे. मायकेल स्लेपियन नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी 2013 मध्ये एक प्रयोग छापला. पोकरच्या जागतिक स्पर्धेतले खेळाडू पैसे पुढं सरकवतानाच्या छोट्या चित्रफिती त्यांनी लोकांना दाखवल्या आणि विचारलं, याचा हात चांगला की वाईट? काहींना नुसते चेहरे दाखवले, त्यांचे अंदाज आंधळ्या अंदाजापेक्षाही वाईट निघाले. काहींना नुसते दंड-हात दाखवले, त्यांचे आंधळ्या अंदाजापेक्षा बरे निघाले. चेहऱ्यानं सगळे थापा मारतात. हाताला थाप मारायचं शिकवायला कुणी बसत नाही.

तात्यांना या प्रयोगाचं नवल वाटत नाही. ते खांद्यावरचा टॉवेल काढतात, माझा उजवा हात ओढून घेतात आणि वर टॉवेल टाकतात. आत त्यांची बोटं माझी बोटं चाचपतात. तर्जनी आणि मधलं बोट एकत्र धरून दाबतात. मग सोडतात आणि पाचही बोटं मुठीत घेतात. बाहेर त्यांचं तोंड कारखान्याच्या दिव्यांकडं आहे.

“खरसुंडीच्या यात्रेत खिलार घेताना आसं. भोवती पन्नास माणसं हुबी, पर भाव दोघांतच. धरलेली बोटं म्हंजे आकडा. शेकड्यात का हजारात, त्ये जनावर बघूनच कळतंय. आता बघा पाव्हणं, मी दोनाचं पाच केलं तवा तुमी काय केलं?”

“काही नाही.”

“आंगठा मागं घेतला.”

मी घेतला असणार. मला कळलंही नाही.

“त्यो आंगठा मागं आला की समजायचं, पाचाला न्हाई, पर साडेतीनाला सौदा हुतोय. तोंडाकडं बघून भाव ठरवणारा मानूस बाजारातनं म्हातारं बैल घिऊन येतो.”

भाच्याला हे सगळं टिपून घ्यायचंय असं त्याच्या तोंडावरून दिसतं, पण तोंडाबद्दल आत्ताच एवढं बोलणं झाल्यामुळं मी खात्री देत नाही. तो शेवटचा धडा घाईनं उरकतो: थाप कधी मारायची. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं पोकरवर गणित मांडलं. 1944 मध्ये अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात ते प्रकरण आहे. त्यातून निघालेली गोष्ट विचित्र वाटते. जोरात बोली लावायची ती एकतर उत्तम पानांवर, नाहीतर अगदी टाकाऊ पानांवर. मधल्या पानांवर गप्प बसायचं. कारण मधली पानं दाखवायच्या वेळी कधीकधी आपसूक जिंकतात. टाकाऊ पानांना जिंकायचा थाप हा एकच रस्ता.

“म्हणजे जो नेहमी खरं बोलतो त्याला कुणी पैसेच देत नाही,” दाजी म्हणतात.

“आणि जो कायम थापा मारतो त्याला सगळे कॉल करतात.”

अकरा वाजून गेलेत. वाटणारा भाचा. त्याच्या डावीकडं मी, एक चिंचोका टाकतो. माझ्या पलीकडं ड्रायव्हर, दोन टाकतो. मधे एक-दोन डाव जिंकल्यामुळं त्याच्यापुढं आता साठ-सत्तरचा ढीग आहे आणि तो पानं बघून खेळायला लागलाय. बोलायची पहिली पाळी तात्यांची. ते दोन्ही पानं तळहाताच्या आडोशाला किंचित उचलतात, बघतात, ठेवतात. पुढ्यात पन्नास चिंचोके आहेत. रात्रभर त्यांनी बहुतेक हात टाकलेत.

“सहा.”

दाजी पानं टाकतात. भाचा टाकतो. माझ्याकडं किलवरचा एक्का आणि नव्वी आहे. तात्या पहिल्या जागेवरून, मागं चौघे बोलायचे असताना, सहा लावतायत. मी टाकतो. ड्रायव्हर चार घालून सहा पुरे करतो. मधे तेरा.

फ्लॉप: चौकटचा राजा, इस्पिकची अठ्ठी, इस्पिकची तिर्री. ड्रायव्हर ‘चेक’ म्हणतो, पण म्हणताना त्याचा हात स्वतःच्या ढिगावर जाऊन बसलाय. राजा आहे त्याच्याकडं. आता हे भाच्यालाही दिसलंय, तो माझ्याकडं बघून भुवई उडवतो.

तात्या आठ घालतात. ड्रायव्हर आठ घालतो. एकोणतीस.

टर्न: इस्पिकची दश्शी. मधे आता तीन इस्पिक. ड्रायव्हर चेक. तात्या तंबाखूची पुडी काढतात, परत ठेवतात. बारा मोजतात. तीन-तीनच्या चार ढिगल्या करून मधे ठेवतात. ड्रायव्हर यावेळी वेळ घेतो. ओठ हलतायत, तो इस्पिक मोजतोय. घालतो. त्रेपन्न.

रिव्हर: बदामचा एक्का.

ड्रायव्हर चेक म्हणतो, ते जवळपास ऐकूच येत नाही. बाहेर पाटाचं पाणी कुठंतरी फुटून मऊ आवाज करतंय. तात्यांनीही तो ऐकलाय, मान किंचित तिकडं वळलीय. तशीच वळलेली ठेवून ते पुढ्यातले उरलेले सगळे चिंचोके दोन्ही हातांनी गोळा करतात आणि पुढं सरकवतात. चोवीस. सरळ, एका रेषेत, चादरीला सुरकुती न पाडता. एकही चिंचोका घरंगळत नाही.

मी त्या हातांकडं बघतोय. ते थरथरत नाहीत.

“ऑल-इन,” भाचा म्हणतो. “मधे सत्याहत्तर. तुला चोवीस पडतात. चारात एकदा जरी तात्या थाप मारत असतील, तरी तू कॉल करायला पाहिजेस.”

“त्यांनी रात्रभर एक तरी मारलीय का?”

“ते मला कसं माहीत? त्यांनी कुठं कधी पानं दाखवली?”

ड्रायव्हर तात्यांच्या तोंडाकडं बघतो. बराच वेळ बघतो. तात्यांचं तोंड उसाकडं आहे. तो मधल्या राजापर्यंत पोचतो, एक्क्यापर्यंत पोचतो, इस्पिकच्या तीन पानांपाशी थांबतो आणि मग स्वतःची दोन्ही पानं उलटी करून दाखवतो: बदामचा राजा, बदामची राणी.

“न्हाई तात्या. घ्या तुमी.”

तात्या मधले चिंचोके ओढून घेतात. आपली पानं पालथीच उचलून गड्डीत मधोमध खुपसतात.

“आरं! दावा की!”

“कशाला?”

“म्हंजे? काय व्हतं बघाया नको?”

“बघायचं व्हतं तर चोवीस मोजायचं व्हतंस.”

ड्रायव्हर भाच्याकडं अपील करतो. भाचा मान हलवतो, नियम तसाच आहे, कॉल केला नाही तर दाखवायची सक्ती नाही. मग दाजींकडं. दाजी म्हणतात, अधिकारक्षेत्रात येत नाही. ड्रायव्हर उठून गड्डीच चाचपायला बघतो, पण तात्या ती पिसायला लागलेत आणि आता त्यांचा हात पुन्हा थरथरतोय, पानं एकमेकांत नीट बसत नाहीत.

“पाणी फुटलंय तिकडं,” तात्या म्हणतात. “जा, दार मोडून ये. टॉर्च घे. आणि गाणं लाव फोनवर, आवाज असू दे.”

ड्रायव्हर खोरं उचलतो, दाराशी जातो आणि वळतो.

“तात्या, एवढं तरी सांगा. एक्का व्हता का न्हाई?”

“व्हता की.”

तो तिथंच उभा राहतो. टॉर्चचा झोत चादरीवर, चिंचोक्यांवर, तात्यांच्या हातांवर.

“आता ह्ये खरं सांगताय का खोटं?”

तात्या गड्डी भाच्यापुढं ठेवतात.

“पानं वाट.”